विसाव्याचे बारा टक्के

मुरुडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी, कोळंबी सोलायची एक शेड आहे. स्टीलच्या लांब टेबलाशी बत्तीस बाया उभ्या राहून सोलतात. डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, पाटीत टाकायचं. कोळंबीचं पाणी हातांना खातं. म्हणून बायांची एक जुनी रीत होती. पाटी भरली की शेजारच्या बादलीत, तुरटीच्या पाण्यात, दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवायचे, कंबर सरळ करायची आणि थोडा वेळ काहीच करायचं नाही. मग पुढची पाटी.

निकेत तळा गावचा. घरी भातशेती, आणि हा पुण्याला शिकून प्रॉडक्शन इंजिनियर झालेला. उत्पादन वाढवायला कंपनीने त्याला आणलं. तीन दिवस तो स्टॉपवॉच घेऊन जनीच्या मागे उभा राहिला, कारण शेडमध्ये तिच्याइतका चपळ हात कुणाचा नव्हता. एक कोळंबी, तीन सेकंद. तीच वेळ त्याने बत्तिसांना लावली. वेळ सरासरी हाताची धरायची आणि वर विसाव्याचे निदान बारा टक्के मिळवायचे, हे त्याच्या विद्येचं पहिलं पान. परीक्षेत त्याने ते सुवाच्य अक्षरात लिहिलंही होतं. पण मॅनेजरला आकडा मोठा हवा होता आणि निकेतला बढती. मग काय, पालथ्या घड्यावर पाणी. बादल्या त्याने ‘निरुपयोगी हालचाल’ या रकान्यात टाकल्या आणि शेडबाहेर नेऊन ठेवायला लावल्या.

जनी एकटीच बोलायला आली.

“सायेब, बादल्या नका उचलू. हात कुजतील आमचं.”

हातमोजे येतील, असं त्याने सांगितलं. ते आले नाहीत. आधी जनीची बोटं पांढरी पडली, मग चिरली, मग त्यांत पू झाला. माप तिच्याच हाताचं, त्यामुळे मागे पडायची तिला सोय नव्हती. तिसऱ्या आठवड्यात विष अंगात भिनलं आणि अलिबागला नेईस्तोवर ती गेली. सुपरवायझर भिकूने ही बातमी टेबलाशी येऊन दिली, तेव्हा निकेतने एवढंच विचारलं की तिच्या जागी उद्या कोण उभं राहणार. टेबलाच्या टोकाला जनीची सासू सोनाबाई सोलत होती. तिने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला या माणसाची कणव येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

पुढच्या सोमवारपासून निकेतचा वेळ वाचू लागला. चहा एका घोटात संपे. दाढी, आंघोळ, डबा, सगळं झटपट उरके. त्याला बरंच वाटलं. रविवारी तो काशीदला वाळूत बसायला गेला, तर बसता येईना. बूड टेकलं की पाय आपोआप उठत आणि चालू लागत. सबंध दुपार त्याने किनाऱ्यावर येरझारा घातल्या. नंतर बोलताना दोन वाक्यांमध्ये थांबणं जमेनासं झालं. एक घास गिळायच्या आत दुसरा तोंडात जाई. आता मात्र तो घाबरला.

बुधवारी सकाळी तो जनीच्या जागेजवळून जात होता, तर हातांनी आपणहून कोळंबी उचलली. जन्मात त्याने कधी सोलली नव्हती. समोरच उभ्या असलेल्या भिकूला त्याने घड्याळ धरायला लावलं. दहा कोळंब्या, दहा नोंदी. तीन सेकंद, तीन सेकंद, तीन सेकंद. दशांशाचाही फरक नाही. माणसाच्या हाताची दहा मापं अशी तंतोतंत सारखी कधी येत नाहीत, हे निकेतइतकं तिथे कुणाला ठाऊक होतं? भिकूने त्याला खेचून टेबलापासून दूर केलं, तरी हात हवेत सोलतच राहिले.

तो पळत बाहेर गेला आणि बादल्या एकेक करून आत घेऊन आला. कुणाला न विचारता बायांनी हात बुडवले. कंबरा सरळ झाल्या. शेड गप्प झाली.

निकेतनेही जनीच्या बादलीत हात घातले. पाण्याखाली त्याची बोटं डोकं मोडत होती, साल ओढत होती, दोरा काढत होती.

तो रडू लागला. बादल्या मी परत दिल्या, तिला तेवढं सांगा, असं तो सोनाबाईला श्वास न घेता पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

सोनाबाईने आपले हात पाण्यातून काढले नाहीत.

“आता दिल्यात व्हय? जनी अर्धी पाटी टाकून कधी हटली न्हाय, सायेब.”

भिकूने त्याला मोटरसायकलवर बसवून मुरुडला डॉक्टरांकडे नेलं. दुपारचे बारा वाजले होते. डॉक्टर वयस्क, शांत. त्यांनी निकेतच्या छातीला तारा लावल्या, मनगटांना चिमटे लावले.

“घाबरू नका,” ते म्हणाले. “हृदयसुद्धा दोन ठोक्यांच्या मध्ये विसावा घेतं. म्हणून तर माणूस जगतो.”

कागदाची पट्टी सरकू लागली. सुरुवातीला दोन ठोक्यांमध्ये सपाट रेघ होती, चांगली चार चौकोनांची.

मग तीन.

डॉक्टरांना वाटलं, यंत्र बिघडलं. तारा काढून त्यांनी भिकूला लावल्या. भिकूची रेघ अगदी ठीक आली. त्यांनी पुन्हा निकेतला लावल्या.

दोन चौकोन.

निकेतचे डोळे उघडे होते आणि बोटं चादरीवर चालली होती.

एक.

डॉक्टरांनी घाईने इंजेक्शन भरायला घेतलं आणि भिकूला तारा काढायला सांगितलं. भिकूने त्या काढल्या, गुंडाळल्या, बाजूला ठेवल्या.

कागद तरीही येत राहिला. ठोक्याला ठोका चिकटून, मध्ये कोरी जागा न सोडता.