‘बरा’ लिहिण्याआधीचे दोन दिवस

नळी काढल्यावर माणूस मरतो कसा?

कस्तुराला हाच प्रश्न छळत होता. काल पाच नंबरच्या खाटेवरच्या माणसाची घशातली श्वासाची नळी निघाली, घरच्यांनी पेढे वाटले, आणि चार तासांत तो गेला. भिंतीवरच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे ‘बरा’ असं उमटलं होतं. अजून आहे. कोणी पुसलेलं नाही.

आज तिच्या अप्पांची नळी निघाली. अप्पांनी बावीस वर्षं खडी क्रशरवर धूळ खाल्ली. त्यात न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवस व्हेंटिलेटर (श्वास देणारं यंत्र) त्यांच्या वतीनं श्वास घेत होतं. डॉक्टरबाईंनी नळी काढली, नाकात खाटेजवळच्या दुसऱ्या यंत्राचा दोन मऊ टोकांचा पट्टा बसवला आणि त्या पुढच्या वॉर्डात पळाल्या. चार वॉर्ड, डॉक्टर एक. सन २०६१ आहे म्हणे!

पडद्यावर लगेच उमटलं: ‘हणमंता – बरा.’

“सात नंबर, हे खरंय?” तिनं वॉर्डातल्या यंत्रमानवाला विचारलं.

“नळी निघाली की ‘बरा’ लिहायचं, असा नियम आहे.”

“मी नियम नाही विचारला.”

“नऊ दिवस तुला कोणी उचलून फिरवलं, तर तुझे पाय कसे होतील?”

“काड्या.”

“अप्पांच्या श्वासपटलाचं (फुप्फुसांखालचा, श्वास ओढणारा स्नायू) तेच झालंय. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश (हवेचे इवलेसे फुगे) असतात. ओला फुगा पूर्ण मिटला की आतून चिकटतो. परत फुगवायला जास्त जोर लागतो.”

“आणि अप्पांत जोरच नाही.”

“म्हणून हे यंत्र नाकातून मिनिटाला पन्नास लिटर हवा सोडतं. जास्त ऑक्सिजनची. त्या झोतानं फुगे पूर्ण मिटत नाहीत. घशात साचलेली वापरलेली हवाही धुऊन निघते.”

“ऊन ऊन का लागतेय ती?”

“उबदार आणि ओलसर ठेवतात. कोरड्या हवेनं कफ दगडासारखा होतो.”

“दगड पुष्कळ खाल्लेत त्यांनी,” कस्तुरा म्हणाली. “हेही पुरलं नाही तर?”

“घट्ट मुखवट्यातून, दाबानं हवा. तेही पुरलं नाही, तर पुन्हा नळी. पहिले दोन दिवस फार धोक्याचे.”

तेवढ्यात आत्या आली. हातात पेढ्याचा पुडा. नळी निघाली की रोग्याच्या तोंडात पेढा घालायचा, ही या वॉर्डाची रीतच पडली होती.

“हणम्या, सुटलास रे बाबा! हे कशाला आता नाकात?” म्हणत तिनं पट्टा ओढून काढला आणि पेढा मोडला.

“आत्या, नको!”

“गप गं. नवस हाय माझा.”

अप्पांच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली. यंत्रावरचा, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घसरला. चौऱ्याण्णव. एकोणनव्वद. चौऱ्याऐंशी. ओठ निळसर झाले.

“सात नंबर, लाव ना परत!”

“डॉक्टरांना बोलावलंय. पण ‘बऱ्या’ माणसाला हात लावायची मला परवानगी नाही.”

“आग लागो तुझ्या परवानगीला!”

तिनं आत्याचा हात झटकला. पेढा फरशीवर पडला. तिनं पट्टा बसवला, टोकं नाकपुड्यांत नीट घातली आणि खाटेचं डोकं वर करणारं बटण दाबून धरलं.

“घशात नऊ दिवस नळी होती, आत्या. गिळता येतंय का ते आधी बघायला लागतं, डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. पेढा फुप्फुसात गेला असता.”

आत्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. “मला कुनी सांगितलंच न्हाई गं. तिथं तर बरा लिवलंय.”

आकडा लगेच चढला नाही. शहाऐंशीवर अडकून राहिला. मग सत्त्याऐंशी. डॉक्टरबाई धावत आल्या तेव्हा एक्याण्णव होता. त्यांनी झोत वाढवला, छाती तपासली, पडद्याकडे पाहिलं आणि दात आवळले.

“हे कोण बदलणार?” कस्तुरानं विचारलं.

“मी,” त्या म्हणाल्या. त्यांनी सात नंबरला नवा हुकूम दिला. पडद्यावर अक्षरं बदलली: ‘नळी निघाली. अठ्ठेचाळीस तास श्वासावर पहारा.’

“आणि पाच नंबरच्या खाटेवरचा?”

डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हातानं त्या नावापुढचं ‘बरा’ पुसलं आणि ‘गेला’ लिहिलं.

दोन दिवस कस्तुरा खाटेपासून हलली नाही. तिसऱ्या सकाळी डॉक्टरबाईंनी अप्पांना चमच्यानं पाणी पाजून पाहिलं. ते नीट गिळलं गेलं. अप्पांनी आत्याकडे बघत फाटक्या आवाजात विचारलं, “अक्का, पेढा कुठाय?”

“आता ‘बरा’ लिहू?” सात नंबरनं विचारलं.

“थांब,” कस्तुरा म्हणाली. “आधी त्यांना चार पावलं चालू दे.”

सात नंबर थांबला.