दुधाच्या पिशव्यांची टोपी

त्या गुरुवारी कीर्ती महिन्यात तिसऱ्यांदा इस्त्री घेऊन ऋषिराजच्या दुकानात गेली. सांगलीच्या गावभागातलं मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचं ते चिंचोळं दुकान. दोघं उभी राहिली की तिसऱ्यानं अंग चोरायचं. बाहेर भुरभुर पाऊस होता.

“परत बिघडली?” ऋषिराजनं विचारलं.

“हो… तापत नाही.”

त्यानं इस्त्री लावली आणि मिनिटभरात बोट झटकलं. “ही तर चटके देतीया.”

“मग… मघाशी तापत नव्हती.”

“आवं मॅडम, इस्त्रीला कशाला बदनाम करताय? नुसतं ‘आले’ म्हणालात तरी चालतंय की.”

ती रस्त्याकडं बघत हसली, आणि तिचं हसू तिथंच थिजलं. पायरीवर बाबा उभे होते.

मदन मगदूम. तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर तीस वर्षं मुकादमी केलेला माणूस. काही वाया गेलं की त्यांना शिवी ऐकल्यासारखं व्हायचं. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायचे, वाण्याची यादी कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचे, रिक्षाला हात म्हणून करायचे नाहीत. आज डोक्यावर दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून, एकमेकींना शिवून केलेली टोपी होती. ऐन कपाळावर निळी अक्षरं – ‘उकळून प्या’.

लेकीला बघून त्यांचा चेहरा उजळला. हात वर झाला.

“आलं आमचं चिवट गिऱ्हाईक,” ऋषिराज हळूच म्हणाला. “नवा स्क्रू घेणार न्हाईत, भंगाराचा डबा उपसत बसतील. ओळखीचे का तुमच्या?”

“नाही,” कीर्ती म्हणाली.

बाबांचा हात तसाच टोपीकडं गेला. त्यांनी टोपी नीट केली.

“ताई, जरा सरकता का?” ते म्हणाले. “उजेड येऊ द्या.”

ती सरकली. ते उकिडवे बसले आणि बेदाणा निवडावा तसे एका बोटानं स्क्रू निवडू लागले. ती स्वतःच्या चपलेकडं बघत राहिली. शेवटी एक स्क्रू मिळाला. तो त्यांनी बाहीला पुसला, खिशात टाकला आणि तिच्याकडं न बघता पावसात उतरले.

संध्याकाळी, रोजच्यासारखी दिवस मावळायच्या आत जेवणं झाली.

“पोरगा चांगला हाय,” भाकरी मोडत बाबा आईला म्हणाले. “नवा स्क्रू गळ्यात मारला न्हाई.”

“बाबा…” कीर्तीचा घास हातात राहिला.

“आमटी पायजे? वाढ गं तिला.”

तिनं वाटी पुढं केली. तेवढंच तिला जमलं.

शुक्रवारी सकाळी तांदळाच्या धुवणाचं पाणी जास्वंदीला घालताना बाबा खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

वडील गेले, एवढंच तिनं ऋषिराजला फोनवर कळवलं. तो भेटायला येतो म्हणाला, तर “नको, घरात पाहुणे आहेत,” म्हणाली. भिंतीवर आता बाबांचा फोटो होता. ऋषिराज दारात आला असता, तर आधी फोटोच दिसला असता, आणि तिचं खोटंही.

सव्वा महिन्यानं ती दुकानात गेली, रिकाम्या हातानं. लीलाबाई नावाच्या गिऱ्हाईक आपल्या मिक्सरसाठी पायरीवर थांबल्या होत्या.

“आई म्हणतीया, रविवारी तुमच्याकडं यावं,” ऋषिराज मान खाली घालून म्हणाला. “आधी भेटायला… आणि तुमची ना नसंल, तर आपलंबी बोलंल. चालंल?”

हेच ऐकायला तर ती चटके देणारी इस्त्री वाहून आणत होती. तिला हो म्हणता येईना.

“घरच्यांची काळजी वाटतीया व्हय? अवो, माझी परीक्षा झालीया. ते टोपीवाले काका… त्या दिवशी तुमी गेल्यावर परत आलेले. व्यसन काय, शिल्लक टाकतोस का, आईला विचारून वागतोस का! मी म्हटलं, काका, लगीन जुळवताय काय माझं?”

“मग?” तिनं विचारलं.

“म्हणाले, ती इस्त्री बिघडलेली न्हाई, एवढं कळतंय न्हवं तुला? मग वेळ वाया घालवू नको.” तो हसला. “कोण हुते कुणास ठाऊक. पुन्हा आलेच न्हाईत.”

लीलाबाई कुरकुरल्या, “आरं, चालू करून दाव की आधी.” त्यानं बटण दाबलं. दुकानभर घरघर उठली.

“ते माझे बाबा होते,” कीर्ती म्हणाली.

“आँ?” ऋषिराजनं कानाला हात लावला.

तिला गप्प बसता आलं असतं. एकदा बसली होती.

“ते माझे बाबा होते!” ती ओरडली. मिक्सर थांबला, लीलाबाई वळून बघू लागल्या, तरी तिचा आवाज खाली येईना. “तुम्ही विचारलंत आणि मी नाही म्हणाले. त्यांच्या टोपीची मला लाज वाटली. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ते मला ताई म्हणाले… स्वतःच्या लेकीला! ते मदन मगदूम होते, आणि मी त्यांची मुलगी आहे.”