मोडीत न घातलेले गाभे

हे कोणाला पटायचं नाही, आणि पटलं तर त्याच्याच डोक्यात काही बिघाड असेल, असं बजावून वैद्यनाथांनी डबऱ्याच्या पसरट वाटीतली कॉफी टंब्लरात ओतली. सकाळपासून करंट नव्हता, पंखा बंद, म्हणून ते दारापुढच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसले होते. ऐकायला एकटी सून, वाणी. उद्याच्या वर्षश्राद्धाच्या तयारीला पापनाशमहून आलेली. बोलतानाही त्यांना धाप लागत होती. बायको, नागलक्ष्मी, गेल्यापासून सगळ्याचाच शीण यायचा.

गोष्ट माजघरातल्या कॉम्प्युटरची. नागलक्ष्मी शनिवारच्या भजनाचे अभंग त्यात गाऊन ठेवायची. यंत्र म्हातारं, म्हणून दुरुस्तीवाल्या गिरिधरनं त्यात लिनक्स घातलं होतं. ते आपणहून अपडेट व्हायचं. दर खेपेला नवा कर्नल, म्हणजे यंत्राचा गाभा, बसवायचं आणि जुनाही ठेवून द्यायचं. साठता साठता जागा संपली. जुने पुसू या, गिरिधर म्हणाला, नाहीतर एक दिवस हे उठायचंच नाही. अभंगांची नक्कल त्यानं दुकानात नेऊन लावली, तर नुसती खरखर; वाजायचे ते याच यंत्रात.

वैद्यनाथांनी त्याचा हात धरला. कुंभकोणात जुनं पितळ मोडीत देऊन नवं घेणं रोजचंच. पण त्यांच्या घरात गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं भांडं वर्षश्राद्धाआधी मोडीत जात नसे. हे गाभे तर तिच्या हयातीतले. वर्ष होऊ दे, मग पूस, असं ठरलं.

मग एका दुपारी नवा गाभा चालेना. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावरून त्यांनी मागचा निवडला आणि अभंग लावला. शेवटच्या आजारातला तो, ओळीओळीला खोकल्याचा. या खेपेला खोकला कमी वाटला.

आणखी मागचा गाभा निवडला. अभंग तोच, पण आता दम पुरत होता.

त्याच्याही मागे गेले, तर तालाबरोबर बांगड्या वाजल्या. हात सुजले तेव्हा उतरवलेल्या, कपाटात ठेवलेल्या.

उरला सगळ्यांत जुना.

त्यात ती गायलीच नाही. पदर सळसळला. मग अगदी कानाशी आवाज आला, "जेवलात का?"

वैद्यनाथ हो म्हणाले.

"मग ताट कोरडं कसं?"

त्यांनी टंब्लर खाली ठेवला. वाणीकडे पाहिलं नाही.

"भ्यालो, बाई. आज सकाळी तू अंघोळीला गेलीस, तेव्हा बसून सगळे गाभे पुसून टाकले. आता आत काही नाही. उद्या तिला निरोप देऊ."

वाणीनं दाराकडे कान दिला.

"लटिकं बोलताय, मामंजी," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून करंट नाही. पुसलंत कशानं? आणि आत ताट कोण मांडतंय? बांगड्या वाजताहेत."