खिळा लागलेला माड

औषधाची बाटली गोदाच्या हातातून हिसकावून ठमाबाईने पायरीवर आपटली आणि भरदुपारी थोरल्या सुनेला सगळ्यांदेखत विचारलं, "माज्या माडांना इख घालतंस?"

उत्तर गोदाच्या ओठांवर आलं होतं... तिने ते गिळलं!

दारातले ते तीन कोवळे माड तिच्या नवऱ्याने, रावजीने, लावलेले. रावजी गेला, पोटी मूल नाही. त्या वैराण वर्षांत माया लावायला तिला दुसरं होतंच कोण? गेल्या मे महिन्यात धाकटा दीर दीपक आपल्या लग्नासाठी त्याच माडांना खिळे ठोकून दिव्यांच्या माळा बांधू लागला, तेव्हा तिने परोपरीने विनवलं होतं... बुंध्याला जखम झाली की वासावर सोंड्या भुंगा येतो, अंडी घालतो, अळ्या आतला गाभा खातात आणि शेंडा मात्र शेवटपर्यंत हिरवागार दिसतो. दीपकने ते हसण्यावारी नेलं. पाऊस सरला, गोदाने बुंध्याला कान लावला, तर आत कुरकुर चाललेली आणि भोकांतून तांबूस रस ओघळत होता. तेव्हापासून दुपारी घर निजलं की ती नरसाळ्याने भोकांत औषध ओतत होती.

मग सांगून का टाकलं नाही? सांगितलं तर लग्नाचं नाव निघणार, आणि नवी सून नम्रता पांढऱ्या पायाची ठरणार! गोदा या घरात आली त्याच महिन्यात सासरे वारले होते. तो शब्द जन्मभर कसा टोचतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. धाकट्याचं सुख बघवत नाही, जळते मेली, असं सारं ऐकून घेऊन ती आगराच्या टोकाला मांगराच्या खोपटात एकटी राहायला गेली. नम्रतानेही बोलणं टाकलं, ते तिला सगळ्यांत जास्त लागलं.

औषध थांबलं, अळ्या थोड्याच थांबणार! एक माड उन्हाळ्यात गेला, दुसऱ्याचा शेंडा श्रावणातल्या वाऱ्याने मोडून अंगणात पडला. दीपक खोड तोडायला गेला तर कुऱ्हाड लोखंडावर खणकली. खिळा होता. त्याला माळेच्या वायरीचा तुकडा अजून अडकलेला, भोवती गाभ्याचा नुसता चोथा आणि त्यात बोटभर जाड अळ्या. वहिनीचं विनवणं आठवून दीपकने कुऱ्हाड तिथेच टाकली. तो धावत मांगरात गेला, वहिनीला हाताला धरून अंगणात घेऊन आला आणि आईला सगळं सांगून मोकळा झाला.

ठमाबाईने वाकून खिळ्याला बोट लावलं. मग तिची नजर हळूहळू नम्रतावर गेली. "म्हंजे हिच्याच लग्नापायी..."

कधी उलटून न बोललेली गोदा मध्ये उभी राहिली. "आये, खिळे हातानं ठोकलेले. हिच्या पायाचं नाव काढू नको."

नम्रताने तिचा हात धरला. "ताई, तुमी माज्यासाठी गप ऱ्हायलात?"

"माज्या वेळेला कोण बोललं नाय गो," गोदा म्हणाली.

ठमाबाईने पदर तोंडाला लावला. घरात चल म्हणाली, नवी बाटली मी आणून देते म्हणाली. गोदाने उरलेल्या तिसऱ्या माडाला कान लावला, डोळे मिटले आणि तिथेच गाल टेकून उभी राहिली.

"आता नको आये, ह्यो पोकळ झालाय. दीपक, तोडून जाळून टाक... नायतर भुंगे शेजारच्या आगरात जातील."

दीपकने कुऱ्हाड उचलली. वर शेंडा अजून हिरवागार होता.