पहिलीचं घर

चहा निवून गेला तरी नवरा आला नाही, तेव्हा ती त्याला बोलवायला किनाऱ्यावर गेली. बंदरात भरती-ओहोटीचं पाणी मोजायचं त्याचं काम. घरी मात्र दोन शब्द बोलायचे म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

खाडीच्या पलीकडच्या टोकाला एक घर पाण्यातून बाहेर येत होतं. त्याच्या पहिल्या बायकोचं. जुन्या भूकंपात ती अख्खी गल्ली खचली, समुद्र आत शिरला आणि पहिली घरासकट बुडाली. आता तेच टोक वर्षागणिक उचललं जात होतं आणि इकडचं, हिच्या संसाराचं टोक खाली चाललं होतं.

"एकाच फळीची दोन टोकं समज," नवऱ्याने एकदा सांगितलं होतं.

"म्हणजे तिनं वर यावं म्हणून मी बुडायचं?"

"अगं, जमीन आहे ती. तिला काय कळतंय?"

"सगळं कळतंय मेलीला!" ती फणकारली होती. मेलेल्या बाईचा हेवा करायची तिची तिलाच लाज वाटे, पण हेवा काही केल्या जात नव्हता.

आज ओहोटी फार लांब गेली होती. चिखलात नवऱ्याच्या पावलांचे ठसे त्या घराकडे गेलेले दिसत होते. कुजक्या शेवाळाचा वास नाकात घेत ती चिखलातून पलीकडे पोचली. भिंतींवर कालवं चिकटली होती. दाराची फटसुद्धा त्यांनी लिंपून टाकली होती. पायरीवर नवरा बसला होता, दाराला गाल लावून, हळू आवाजात बोलत. बंदरातली भांडणं, साहेबाची फजिती... सगळं सांगत होता. हसतही होता.

तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"मला कधी सांगितलंत हे? उठा, घरी चला!" तिने दारावर थाप मारली. "आणि तू... सोड माझ्या नवऱ्याला!"

आत काहीतरी ओलं सरपटलं. मग अगदी दारामागून, मऊ आवाजात प्रश्न आला.

"तुझ्याकडे पाणी कुठवर आलंय गं?"

तिने दारावरचा हात काढून घेतला. "माझं घर... कोरडं आहे. आत्ताच फरशी पुसून आले..."

"उंबऱ्याला लागलं," नवरा म्हणाला. रोजचा आकडा सांगावा तसा, मागे वळूनही न बघता.

ती वळली. अंधारत चाललेल्या पलीकडच्या काठावर तिच्या स्वयंपाकघराची पिवळी खिडकी दिसत होती. आणि तिच्या खाली, उलटी, पाण्यात हलणारी दुसरी खिडकी.

समुद्र अजून ओहोटीलाच होता.