संशयित पट्टी

कम्प्युटर हँग होतो अशी तक्रार करणारा माणूस पुढे काय बोलणार, ते मला तोंडपाठ आहे. "मी काहीच केलं नव्हतं हो." काहीच न करणारी माणसं एवढी यंत्रं कशी बिघडवतात, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचणाऱ्या त्या बाई मात्र फोनवर तसलं काही बोलल्या नाहीत.

"अधूनमधून थांबतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही सकाळी या. हे फिरायला जातात तेव्हा."

नवरा खर्चावरून कटकट करत असणार, असा मी अर्थ लावला. असे नवरे मला नवीन नाहीत.

मी गेलो तेव्हा नवरा घरातच होता. पांढरे केस, ढगळ स्वेटर, गुडघ्याला पट्टा. "या, डॉक्टर आले आमच्या मशीनचे," म्हणून त्यांनी हसून दार उघडलं. कटकटीचा माणूस वाटला नाही. बाईंचा चेहरा मात्र उतरला होता.

"अहो, जरा खाली चक्कर मारून या ना," त्या म्हणाल्या.

"या गुडघ्याने? काहीतरीच तुझं."

ते गॅलरीत कुंड्यांकडे गेले. मी टेबलाशी बसलो. खोली नीटनेटकी होती, एका भिंतीला शब्दकोश, दुसऱ्या भिंतीला खिडकी. कम्प्युटरच्या डब्यावर मात्र एक चमत्कारिक गोष्ट होती. चालू-बंदच्या बटणावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून तो चिकटपट्टीने गच्च बसवला होता.

"नातवंडं येतात वाटतं?"

"नाही. माझाच हात जाऊ नये म्हणून."

मी पुठ्ठा काढला आणि कामाला लागलो. धूळ उडवली. पंखे फिरत होते, आतलं काही तापत नव्हतं. डिस्क तपासली, ठणठणीत. वीजपुरवठ्याचा डबा काढून माझ्याजवळचा चांगला लावला. मग मशीन सुरू केलं आणि वाट बघत बसलो. हँग होणाऱ्या कम्प्युटरची हीच खोड असते, बघणारा माणूस समोर बसला की तो शहाण्यासारखा वागतो.

हा वागला नाही. पडद्यावर बाईंचं अर्धवट कोडं होतं. एकाएकी माउस हलेना. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं. सवयीने माझा हात बटणाकडे गेला आणि बाईंनी माझं मनगट धरलं. इतक्या जोरात धरतील असं वाटलं नव्हतं.

"बटण नको. थांबू या."

त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. गॅलरीकडे बघत होत्या.

त्यांचा नवरा कुंडीवर वाकला होता, हातात झारी तिरकी. पाणी कुंडीतून वाहून फरशीवर आलं, त्यांच्या चपलांखाली गेलं. झारी रिकामी झाली. ते तसेच वाकलेले राहिले.

"आजोबा," मी हाक मारली. बाईंनी मान हलवली, नको म्हणून.

मग माउस हलला. ते सरळ झाले आणि झारीत डोकावले. "हे काय, आत्ता तर भरली होती," स्वतःशीच म्हणाले आणि पाणी भरायला गेले.

"डॉक्टरांना दाखवलंत?" मी हळूच विचारलं.

"दाखवलं. सगळं ठीक आहे म्हणाले. तुम्हीही मघापासून कम्प्युटरबद्दल तेच म्हणताय."

मी स्क्रू पिळत राहिलो. त्या खालच्या आवाजात बोलायला लागल्या. हे घराबाहेर असले की मगच त्या कामाला बसत. आता गुडघ्यामुळे ह्यांचं बाहेर जाणं कमी होत चाललं होतं, आज तर बंदच. मशीन एकदा बदलूनही झालं होतं, पण दुकानदाराने जुन्यातली रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, चांगली आहे म्हणून नव्यात बसवून दिली, आणि थांबणं तिच्याबरोबर आलं.

"एकदाच मी बटण दाबलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा धाकटी बहीण राहायला आली होती माझी. त्या दारात उभी होती, केस पुसत."

"मग?"

"मग काय. कम्प्युटर सुरू झाला लगेच. ती पुन्हा हललीच नाही."

मला त्यांची कणव आली. दिवसभर आडवे शब्द उभ्या शब्दांत अडकवणारं माणूस, दुःखातही कशाचा तरी कशाशी मेळ घालणारच, असं मी मनाची समजूत घातली. पण रॅमचा मुद्दा बिनतोड होता. मी ती बोटभर लांबीची पट्टी काढली, नवी बसवली. दुपारपर्यंत मशीन एकदाही अडकलं नाही. गॅलरीतून त्यांच्या नवऱ्याचं गुणगुणणं अखंड येत होतं. बाई ते ऐकत बसल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले तेव्हा मी बॅग आवरायला घेतली.

"ती पट्टी फेकून द्या," त्या म्हणाल्या. "घरी नेऊ नका."

"बरं," म्हणालो आणि खिशात टाकली.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. चांगला भाग आजारी मशीनमध्ये घालून ते बरं झालं, एवढ्याने निदान पक्कं होत नाही. संशयित भाग आपल्या धडधाकट मशीनमध्ये घालायचा. रोग त्याच्याबरोबर आला, तरच चोर सापडला म्हणायचं. ही रीत न पाळणाऱ्या मेकॅनिकांना मी आजवर नावं ठेवत आलोय.

माझं वर्कशॉप म्हणजे घराचीच पुढची खोली. मी पट्टी बसवली, मशीन सुरू केलं. बायको औषधाच्या दुकानातली सकाळची पाळी संपवून नुकतीच आली होती. दाराच्या चौकटीला टेकून ती सकाळपासूनची गंमत सांगत होती. कुणी एक गिऱ्हाईक झोपेची गोळी परत करायला आलं होतं, काय तर म्हणे चव आवडली नाही. तिची सांगायची एक ढब आहे, आधी स्वतःच हसते. मी हुं हुं करत पडद्याकडे बघत होतो.

"आणि मग मालक त्याला म्हणतात…"

माउस अडकला. घड्याळ थांबलं.

"सापडला चोर," मी मांडीवर थाप मारून म्हणालो.

मालक काय म्हणाले ते ती सांगेना.

मी मागे वळलो. ती हसण्याच्या बेतात होती. एक हात हवेत, बोटं मालकांसारखी नाचवलेली. डोळ्याच्या कडेला माशी बसली होती. पापणी हलली नाही.

"अगं," मी म्हणालो. पुन्हा म्हणालो. खांदा धरून हलवला. खांदा हलला, ती नाही.

मी कोडेवाल्या बाईंना फोन लावला. "ती पट्टी…" एवढंच म्हणालो.

"घरात कोण आहे तुमच्या?" त्यांनीच विचारलं.

"बायको."

पलीकडून गुणगुणणं ऐकू येत होतं.

"बटण दाबू नका. तिच्याजवळ बसा. सुटतं ते."

"किती वेळात?"

"दर वेळी आधीपेक्षा जास्त लागतो," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

मी खुर्ची तिच्याशेजारी ओढली. सुटलं की आधी ती पट्टी काढायची, हातोडीने ठेचायची, एवढंच डोक्यात घोळत होतं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. रस्त्यावरून मुलं शाळेतून परतली. तिचा हवेतला हात दुखत असेल, असं वाटून मी खाली घ्यायला गेलो, पण तो खाली येईना.

मला रडू आलं. तिला तसं दिसू नये म्हणून मी चेहरा पुसला.

मग छतावरचा पंखा मंद झाला. शेजारचा रेडिओ बंद पडला. वीज गेली होती.

टेबलाखाली यूपीएस टुं करून वाजला.

मशीन आता बॅटरीवर होतं. बॅटरी वर्षा-दोन वर्षांनी बदलावी, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. माझी स्वतःची कधी बदलली होती, ते आठवेना.

मी पडद्याकडे पाहिलं. किती उरलीय याचा इशारा कोपऱ्यात यायला हवा होता. पण पडदा अडकलेला, तो कुठून दाखवणार?

टुं.

माझा हात पट्टीकडे गेला आणि मीच तो आवरला.

टुं.

मी तिची नाचवलेली बोटं माझ्या मुठीत धरली. ती गरम होती.

दोन आवाजांमधली शांतता कमी होत चालली होती.