बंद तळ्याचा परवाना

मासा पकडून वर माफी मागायला कुणी येतं, हे तिनं त्या रविवारी पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर भुरभुर लागली होती. परवान्याच्या खिडकीसमोर एक उंच माणूस उभा होता... केसांतून पाणी निथळत होतं आणि गळाची काठी त्यानं अपराध्यासारखी पाठीमागे धरली होती.

"मी एक मासा पकडला... म्हणजे, सोडून दिला लगेच. पण त्याच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा बारका पर नव्हता. माझ्याच हातून तुटला की काय..."

"तो मी कापलाय," ती म्हणाली.

तो बघतच राहिला.

तळ्याकाठच्या मत्स्यबीज केंद्रात ती कामाला होती. सकाळी खिडकीत बसून गळवाल्यांना परवाने द्यायचे आणि दुपारी हौदावर जायचं. बोटभर लांबीची पिल्लं, बोटुकली म्हणतात त्यांना, तळ्यात सोडण्याआधी प्रत्येकीचा तो पर हलक्या हातानं कापायचा. त्यावाचून माशाचं काही अडत नाही. पण पुढे तो कुणाच्या गळाला लागला, की हौदातला कोणता आणि तळ्यात जन्मलेला कोणता, हे लगेच कळतं.

"म्हणजे ही तुमची सही म्हणायची!"

"म्हणा. आणि मासा लागला, की त्याला तो पर आहे की नाही ते इथं कळवायचं असतं. परवान्याच्या मागे छापलंय. कुणी वाचेल तर शपथ."

"आता वाचीन," तो हळूच म्हणाला. "येऊन सांगेनसुद्धा."

हौद घासणाऱ्या मावशी खुदकन हसल्या. तिनं उगाचच खिडकीची काच पुसायला घेतली.

तो घड्याळं दुरुस्त करायचा. मावशींनी त्याचं नावच घड्याळजी पाडलं. चिठ्ठी टाकायला बाहेर पेटी होती, पण तो दर रविवारी खिडकीशीच यायचा.

"दोन लागले. दोन्ही तुमचेच."

"आज एकच... तोही तुमचाच."

"तळ्याला स्वतःचं काही आहे की नाही?" ती हसत म्हणाली, आणि हसू ओठांवरच थिजलं. पेटीतल्या चिठ्ठ्याही तेच सांगत होत्या. पर असलेला एकही मासा कुणाला लागला नव्हता. ती तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी गेली. मासे जिथं अंडी घालायचे, ती खडी गाळाखाली गाडली गेली होती. तळ्यात काही जन्मतच नव्हतं.

उपाय एकच होता. तळं गळासाठी बंद करायचं आणि खडी मोकळी करायची. पण हौद, खाद्य, तिचा पगार, सगळं गळवाल्यांच्या परवान्यांवर चालायचं.

"तू लिहिशील तसं वर पाठवतो," साहेब म्हणाले. "पण बंद तळ्याचा परवाना कोण घेणार, बाई? केंद्रालाच कुलूप लागेल."

तिनं लिहिलं. या कागदानं आपण कुणाला दूर पाठवतोय, हेही तिला ठाऊक होतं.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी तो आला.

"कळलं," एवढंच म्हणाला.

"तुम्ही सांगितलेल्या माशांमुळेच कळलं मला. तुम्हाला... अंदाज होता?"

"बंद घड्याळ हातात आलं की कळतं हो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच आला होता."

"मग कशाला सांगत राहिलात? गप्प बसला असतात तर निदान गळ तरी टाकता आला असता."

"तुमच्यासमोर खोटं बोलून तळ्याकडे कसं बघितलं असतं?"

तो गेला. मागे वळून पाहिलं नाही, की पाहवलं नाही... कोण जाणे.

हिवाळा फार लांबला. नव्या हंगामाच्या सकाळी तिनं सवयीनं खिडकी उघडली. समोर तो उभा होता आणि त्याच्यामागे अंगणाच्या फाटकापर्यंत गळवाल्यांची रांग. एकाच्याही हातात काठी नव्हती.

"परवाना द्या."

"तळं बंद आहे."

"म्हणून तर. हिवाळाभर यांच्या घरी हिंडलो. निम्म्यांनी वेड्यात काढलं, उरलेले आले. खडी मोकळी होईतो केंद्र चालायला हवं ना?" तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आणि... या खिडकीशी उभं राहायला मला दुसरं निमित्त सापडेना."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, ते लग्नाचं नंतर विचारा, आमचे पाय दुखताहेत!"

तिनं परवाना लिहिला.

"निमित्त लागत नाही," ती खाली बघत म्हणाली. "नुसतं यायचं."

तळं उघडलं तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. खडी धुऊन निघाली होती, रांगेतले काहीजण तोवर देवाघरी गेले होते. धुकं अजून उठायचं होतं. होडीत ती त्याच्या शेजारी बसली होती. गळ हलला, त्यानं मासा पाण्यातच अलगद धरला आणि तिच्याकडे वळवला.

तिनं पाठीवरून बोट फिरवलं. शेपटीजवळ बोट अडखळलं. पर जागच्या जागी होता.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

त्यानं मुठी सैल केल्या. मासा क्षणभर थबकला आणि खाली, हिरव्या अंधारात उतरून गेला. तिचा ओला हात त्याच्या ओल्या हातात तसाच राहिला.